औलादीची वाट पाहताना : इंजेक्शनांच्या आधीचे तीन महिने

राजोडीहून नालासोपारा स्टेशनकडे सकाळी निघणाऱ्या शेअर रिक्षात हल्ली एखादी तरुण सून हातात प्लास्टिकची फाइल आणि बर्फाच्या पाकिटासह छोटी पिशवी घेऊन बसलेली दिसते. पिशवीत इंजेक्शने असतात. कोणी विचारले तर ती म्हणते, "दातांच्या डॉक्टरकडे चालले." बोरिवली, अंधेरी, दादर असा तिचा प्रवास असतो आणि दुपारी घरी येऊन स्वयंपाकही तिलाच करायचा असतो. मूल होण्यासाठी उपचार घेणे हे आपल्या घरांतून अजूनही चोरून करायचे काम आहे. चोरून केलेल्या कामात प्रश्न विचारता येत नाहीत आणि धोका तिथूनच सुरू होतो. म्हणून या महिन्यात हाच विषय घेतला आहे.

आधी याच पट्ट्यातील एका घराची हकिगत सांगतो. नाव सांगणार नाही, तिच्या परवानगीनेच लिहीत आहोत. लग्नाला सहा वर्षे झालेली, वय २८, पाळी अनियमित, पीसीओएस म्हणजे अंडाशयात लहान लहान गाठींसारखी बीजकोषांची गर्दी. एका खासगी दवाखान्यात तिला दहा-बारा दिवस इंजेक्शने दिली, मग बीजे काढली. बीजे खूप मिळाली म्हणून घरात आनंद झाला. पाचव्या दिवशी पोट फुगले. सासूबाईंनी गॅस समजून ओवा-काळे मीठ दिले. सहाव्या दिवशी सलवारीची नाडी बसेना, उलट्या सुरू झाल्या, लघवी दिवसातून जेमतेम एकदा. रात्री झोपले की दम लागे. दवाखान्याचा फोन रात्री कोणी उचलला नाही. शेवटी वसईतील एका इस्पितळात नेले, पोटातील पाणी सुई घालून काढावे लागले, आठवडाभर दाखल राहावे लागले. अल्लाहच्या कृपेने ती बरी झाली. आम्ही तिला विचारले, असे होऊ शकते हे आधी कोणी सांगितले होते का? ती म्हणाली, "भाभी, दहा-बारा कागदांवर सह्या घेतल्या होत्या. सगळे इंग्रजीत होते. त्यांनी यांना सांगितले, यांनी मला सांगितले, इथे सही कर."

त्या कागदांत या आजाराचे नाव नक्की असणार. ओव्हेरियन हायपरस्टिम्युलेशन सिंड्रोम, डॉक्टर त्याला ओएचएसएस म्हणतात. समजायला अवघड नाही. नेहमीच्या महिन्यात बाईच्या अंडाशयात एकच बीज पिकते. उपचारात इंजेक्शने देऊन एकाच वेळी आठ, दहा, पंधरा बीजे पिकवतात, आणि ती काढण्याच्या दीड दिवस आधी एक शेवटचे इंजेक्शन देतात, ज्याला ट्रिगर म्हणतात. काही बायकांची अंडाशये या औषधांना गरजेपेक्षा फार जास्त प्रतिसाद देतात. ती सुजून मोठी होतात, आणि त्यांतून निघणाऱ्या द्रव्यांमुळे रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरून पोटात, कधी छातीत साठते. पाणी रक्तातून गेल्यामुळे रक्त घट्ट होते, लघवी कमी होते आणि पायात किंवा फुफ्फुसात गुठळी होण्याची भीती असते. हलक्या स्वरूपाचा त्रास बऱ्याच जणींना होतो आणि आपोआप जातो. गंभीर स्वरूप थोड्या जणींनाच होते. पण त्या थोड्या जणी कोण असू शकतात याचा अंदाज आधी बांधता येतो. वय कमी, अंगाने बारीक, पीसीओएस असलेली, एएमएच नावाच्या रक्तचाचणीत आकडा जास्त आलेली, किंवा पूर्वी एकदा हा त्रास झालेली. यातील एक जरी गोष्ट लागू असेल तर सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारावे की मला ओएचएसएसचा धोका किती आणि तो टाळण्यासाठी आपण काय करणार आहात.

त्यावर उत्तरे आहेत, हे मुद्दाम सांगतो. औषधाचा डोस कमी ठेवता येतो. अँटॅगोनिस्ट पद्धतीने इंजेक्शने देता येतात. शेवटचे ट्रिगर वेगळ्या औषधाचे देता येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तयार झालेले गर्भ त्याच महिन्यात गर्भाशयात न सोडता गोठवून ठेवता येतात, कारण गर्भ राहिला की हा आजार आणखी बळावतो. एक-दोन महिन्यांनी शरीर शांत झाल्यावर ते सोडतात. घरचे लोक इथेच अधीर होतात. "एवढा पैसा घातला आणि आता थांबा म्हणतात?" असे म्हणतात. थांबा म्हणणारा डॉक्टर बहुतेक वेळा आपल्या सुनेचा जीव सांभाळत असतो.

या गोठवण्याचा इतिहास आपल्या देशाशी जोडलेला आहे. जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मली. तिच्या आईला बीजे पिकवण्याची इंजेक्शने दिलीच नव्हती, नैसर्गिकरीत्या तयार झालेले एकच बीज घेतले होते. त्यानंतर जेमतेम सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून दुर्गा नावाने ओळखली गेलेली मुलगी जन्मली. त्यांनी इंजेक्शनांनी बीजे पिकवली, गर्भ गोठवला आणि नंतरच्या पाळीचक्रात गर्भाशयात सोडला. त्या वेळी सरकारी समितीने त्यांना खोटे ठरवले. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. आज ओएचएसएस टाळण्यासाठी जगभरचे डॉक्टर जे करतात, गोठवा आणि पुढच्या चक्रात सोडा, ते या माणसाने तेव्हाच करून पाहिले होते. त्यांच्या कामाला मान मिळवून देण्यासाठी पुढे धडपडले ते डॉ. टी. सी. आनंद कुमार. आणि गंमत अशी की मुंबईतील पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाच्या मागे डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या बरोबरीने हेच आनंद कुमार होते. ते बाळ, हर्षा, ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात जन्मले. केईएम म्हणजे महापालिकेचे इस्पितळ, आपल्यासारख्यांचे इस्पितळ. हर्षा २०१६ साली स्वतः आई झाली, तेव्हा बाळंतपणाला डॉ. हिंदुजाच होत्या.

तेव्हापासून गल्लोगल्ली सेंटरे झाली आणि त्याबरोबर काही मृत्यूही. २०१० मध्ये मुंबईत अवघ्या सतरा वर्षांची एक मुलगी पैशांसाठी बीजदान केल्यानंतर दोन दिवसांत मरण पावली. प्रकरण पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१४ च्या सुरुवातीला दिल्लीत २६ वर्षांची एक बाई, एका लहान मुलीची आई, बीजे काढल्यानंतर दगावली. दोघी गरीब होत्या. त्यानंतर बऱ्याच उशिरा, २०२१ मध्ये, सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा झाला. तो २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. आता सेंटरची नोंदणी बंधनकारक आहे. उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. बीज देणारी बाई २३ ते ३५ वर्षांचीच हवी, ती आयुष्यात एकदाच देऊ शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजे घेता येत नाहीत. लेखी संमतीशिवाय काहीही करता येत नाही. मुलगाच हवा म्हणून गर्भ निवडून देणे हा गुन्हा आहे, त्याला पाच ते दहा वर्षांची कैद किंवा लाखोंचा दंड आहे. कोणी कुजबुजत अशी सोय देऊ केली तर तिथून उठून यावे. सूरह शूराच्या शेवटी अल्लाह ज्याला हवे त्याला मुली देतो, हवे त्याला मुले देतो असे आले आहे. तिथे मुलींचा उल्लेख आधी आहे, हे आम्ही आमच्या वर्गातल्या मुलींना आवर्जून दाखवतो.

संमतीच्या कागदाबाबत आमचे म्हणणे स्पष्ट आहे. मराठीत किंवा उर्दूत समजावून सांगा असे म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. कागद घरी आणावा, शिकलेल्या भाचीकडून, पुतण्याकडून वाचून घ्यावा, दुसऱ्या दिवशी सही करावी. आपल्यासाठी त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, बीज कोणाचे आणि शुक्राणू कोणाचे. अल-अझहरने १९८० मध्ये आणि ओआयसीच्या फिक्ह अकादमीने १९८६ मध्ये अम्मानच्या बैठकीत निकाहात असलेल्या पती-पत्नीच्याच बीज-शुक्राणूंतून, तिच्याच गर्भाशयात होणारा उपचार जायज मानला. तिसऱ्याचा वाटा मात्र नाकारला. शिया आलिमांत याबाबत वेगळी मतेही आहेत. आपण ज्या आलिमांना मानता त्यांना अगोदर विचारा. पण कागद न वाचता "डोनर" या शब्दासमोर सही झाली, आणि नंतर आयुष्यभर मनात काटा राहिला, असे होऊ नये. टेस्ट ट्यूब म्हणजे हरामच, असे मोहल्ल्यातील कोणी ठासून सांगत असेल तर त्यालाही वरची दोन वर्षे सांगा.

धोक्यांपैकी दुसरा मोठा म्हणजे जुळे-तिळे. घरात हे ऐकून लाडू वाटतात. पण जुळ्यांत बाळे लवकर जन्मण्याची, वजन कमी असण्याची, काचेच्या पेटीत ठेवावे लागण्याची आणि आईला रक्तदाब, मधुमेह, जास्त रक्तस्राव होण्याची शक्यता एका बाळापेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून आता शक्यतो एकच गर्भ सोडण्याकडे चांगल्या डॉक्टरांचा कल असतो. "दोन-तीन सोडा, पैसे वसूल होतील," हा हिशेब करू नये. जुळ्यांचा धोका केवळ मोठ्या सेंटरपुरता नाही. जवळच्या डॉक्टरने बीज पिकवण्याच्या गोळ्या सोनोग्राफीशिवाय महिनोन्‌महिने चालू ठेवल्या तरी तो असतोच. मेडिकलवाल्याकडून स्वतःच मागून घेतलेल्या गोळ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

गर्भ कधीकधी गर्भाशयाऐवजी नळीत रुजतो. चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर एका बाजूला ओटीपोटात कळ, चक्कर, खांद्यात दुखणे असे झाले तर ही आणीबाणी समजावी. बीजे काढताना क्वचित रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होतो. अशा गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचे प्रमाण थोडे जास्त दिसते, गोठवलेल्या गर्भातही, म्हणून नाव नोंदवून तपासणी नियमित हवी. बहुतेक मुले निरोगीच जन्मतात. स्तनाच्या कर्करोगाची भीती अनेक भगिनींना वाटते, पण आजवरच्या मोठ्या अभ्यासांत तसा ठोस पुरावा मिळालेला नाही. आणि गर्भ सोडल्यावर पंधरा दिवस पलंगावर पडून राहण्याचा काहीही फायदा दिसलेला नाही. लोकलच्या धक्क्याने गर्भ पडत नाही. सुनेला त्याबद्दल बोल लावू नका.

राजोडी, कळंब, निर्मळच्या बाजूला राहणाऱ्यांनी एक गोष्ट उपचार सुरू होण्याआधीच ठरवून ठेवावी. सेंटर दादरला असेल आणि रात्री दोन वाजता दम लागला तर जाणार कुठे? लोकल बंद, हायवेला ट्रॅफिक. सेंटरचा रात्री उचलला जाणारा नंबर, वसई-विरारमधील जवळचे, आयसीयू असलेले इस्पितळ आणि वाहन देणारा शेजारी, या तिन्ही गोष्टी कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा. बीजे काढल्यापासून रोज सकाळी वजन करा आणि पोटाचा घेर मोजा. एका दिवसात किलोभर वजन वाढले, लघवी कमी झाली, उलट्या थांबत नाहीत, दम लागतो किंवा एक पाय सुजून दुखतो, तर सकाळची वाट पाहायची नाही.

आता तयारीकडे येऊ, कारण पुष्कळ घरांना इंजेक्शनांची गरजच पडणार नाही. डॉक्टर वंध्यत्व कशाला म्हणतात? नियमित सहवास असूनही वर्षभरात गर्भ न राहणे, आणि बाईचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने. नियमित हा शब्द पुन्हा वाचा. आमच्या ओळखीत एका जोडप्याच्या लग्नाला चार वर्षे झाली. मुलगा कतारला, दोन वर्षांतून दीड महिना येतो. चार वर्षांत ते दोघे एकत्र राहिले ते साधारण तीन महिने, त्यातही पाहुणे, दावती. सासरी मात्र ‘चार वर्षे झाली, अजून काही नाही’ हीच मोजणी. तिला उपचारांपेक्षा नवऱ्याच्या लांब सुट्टीची गरज आहे. महिन्यात गर्भ राहू शकतो असे दिवस सहाच, बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. पाळी २८ दिवसांनी येत असेल तर बीज साधारण चौदाव्या दिवशी सुटते, ३५ दिवसांनी येत असेल तर एकविसाव्याच्या आसपास. सुट्टीची तारीख यावरून ठरवता आली तर बघा. दर दोन-तीन दिवसांनी सहवास असला तर दिवस मोजण्याचीही गरज उरत नाही.

आणि नवऱ्याची तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले की जगात सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी या अडचणीला तोंड द्यावे लागते. निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकटे किंवा बाईच्या कारणासोबत असते. तरीही आधी सुनेची सोनोग्राफी, सुनेचा नळ्यांचा एक्स-रे, सुनेचे तावीज, आणि मुलाची वीर्यतपासणी सर्वांत शेवटी, तीही भांडण झाल्यावर. ही तपासणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी त्रासाची आहे. दोन ते सात दिवस सहवास न ठेवता नमुना द्यायचा, एवढेच. ती पहिल्याच दिवशी झाली पाहिजे. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे आज गुटखा, सिगारेट, दारू सोडली तर फरक तीन महिन्यांनी दिसतो. जिममध्ये शरीर फुगवायला घेतलेली स्टिरॉइडची इंजेक्शने शुक्राणू शून्यावर आणू शकतात. भट्टीजवळ काम करणाऱ्यांनी, मांडीवर लॅपटॉप ठेवणाऱ्यांनी उष्णतेचा विचार करावा. औलाद नाही म्हणून दुसऱ्या निकाहाची भाषा करणाऱ्या घरात हा रिपोर्ट आधी टेबलावर यावा, एवढी आमची मागणी आहे.

बाईनेही ते तीन महिने वापरावेत. फॉलिक अॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज, गर्भ राहण्याच्या आधीपासून. बाळाचा मणका आणि मेंदूची नळी गर्भ राहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांत बंद होते, म्हणजे पाळी चुकली हे समजेपर्यंत ते काम जवळजवळ उरकलेले असते. मधुमेह, फिट्सचे औषध, किंवा आधीच्या बाळात मणक्याचा दोष असेल तर डोस जास्त लागतो, तो डॉक्टर ठरवतील. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, रक्तदाब तपासून घ्या. रुबेलाची लस झालेली नसेल तर घ्या आणि त्यानंतर एक महिना थांबा. पीसीओएस असलेल्या भगिनीने वजन पाच ते दहा टक्के कमी केले तरी अनेकदा पाळी आपोआप नियमित होते. राजोडीच्या किनाऱ्यावर फजरनंतर सुरूच्या झाडांखालून अर्धा तास चालायला पैसे लागत नाहीत, बुरख्यातही चालता येते. पूर्वी घरात कोणाला टीबी झाला असेल तर तेही सांगा. आपल्याकडे गर्भनलिका बंद होण्याचे ते एक मोठे कारण आहे आणि बाईला खोकलाही आलेला नसतो.

चुलत-मामे नात्यात लग्न झालेल्यांसाठी वेगळे दोन शब्द. असे लग्न जायज आहे, त्यावर वाद नाही. पण सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या लग्नात बाळाला जन्मजात दोष असण्याची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट, म्हणजे शंभरात दोन-तीनऐवजी चार-सहा असते. उरलेली नव्वदहून अधिक बाळे ठीकच असतात. म्हणून घाबरायचे नाही, तपासायचे. निदान थॅलेसेमियाची रक्तचाचणी दोघांनीही करावी. वारंवार गर्भपात झाले असतील किंवा घराण्यात लहान मुले दगावली असतील तर आनुवंशिकतेच्या डॉक्टरांचा सल्ला उपचारांआधी घ्यावा.

पैशांचे बोलू. एका आयव्हीएफच्या फेरीला खासगीत लाख-दीड लाख सहज लागतात, अनेकदा त्याहून जास्त. आणि यश? ब्रिटनमध्ये सरकारी संस्था दरवर्षी हिशेब प्रसिद्ध करते. तिथे ३५ च्या आतील बाईला एक गर्भ सोडल्यावर मूल होण्याची शक्यता तिघींत एकीला, त्रेचाळीस-चव्वेचाळीसला विसांत जेमतेम एकीला. म्हणून जाहिरातीत ऐंशी टक्के लिहिलेले असेल तर विचारा, कशाचे ऐंशी टक्के? चाचणी पॉझिटिव्ह येण्याचे की बाळ घरी येण्याचे, आणि कोणत्या वयाचे? दागिने मोडण्याआधी परळला एक खेप घाला. केईएम आहे, वाडिया प्रसूती रुग्णालय आहे आणि तिथेच आयसीएमआरची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आहे. गर्दी असते, वेळ लागतो. पण साध्या तपासण्या आणि दुसरे मत तिथे कमी खर्चात मिळते. गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात मोफत आयव्हीएफ सुरू केले. आपल्या आमदारांना हे विचारण्यासारखे आहे.

रमजानमध्ये उपचार चालू असतील तर काय, असे दोन भगिनींनी विचारले होते. इंजेक्शने आणि योनिमार्गे घ्यायची औषधे यांबद्दल आलिमांना विचारा, मते वेगवेगळी आहेत. पण बीजे काढल्यानंतरच्या दिवसांत, पाणी भरपूर प्यायला सांगितलेले असताना, उपाशी-तहानलेले राहणे धोक्याचे आहे. आजारी माणसाने ते रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत सूरह बकरामध्येच आहे. शक्य असेल तर फेरी शव्वालमध्ये सुरू करा.

थॅलेसेमियाच्या चाचणीबद्दल सविस्तर पुढच्या अंकात. ज्यांच्या घरात लग्न ठरत आहे त्यांनी तो अंक लग्नपत्रिका छापण्याआधी वाचावा.